अपघात, आजार किंवा शस्त्रक्रियेनंतर एक पाय आखूड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाडांच्या दवाखान्यात हे प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतात. जन्मतःच एक पाय आखूड असेल तर त्याचं गणित वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही. आधी सारखे असलेले पाय नंतर असमान झाले, त्यांच्याबद्दलच हे पान आहे.

पाय आखूड झाल्यासारखा वाटतो. खरंच झालाय का, हे कसं ओळखायचं?

वाटतं ते खोटं नसतं, पण कारण दरवेळी हाडातच असतं असंही नाही. मांडीचं किंवा नडगीचं हाड प्रत्यक्ष कमी लांबीचं झालं असेल तर तो खरा आखूडपणा. हाडं दोन्हीकडे सारखीच, पण खुबा आतल्या बाजूला ओढून बसलाय, गुडघा पूर्ण सरळ होत नाही किंवा कण्याच्या बाकामुळे कंबर एका बाजूला कललीय, तर पाय नुसता आखूड भासतो. उलटही होतं. खुबा बाहेरच्या बाजूला आखडला की तोच पाय लांब वाटायला लागतो. बऱ्याच जणांत दोन्ही प्रकार एकत्र असतात, आणि खरी गुंतागुंत तिथेच होते.

घरी लक्षात येणाऱ्या खुणा साध्या असतात. पॅन्टची एकच मोहरी जमिनीला घासते. एका बुटाचा चवड्याकडचा सोल आधी झिजतो, कारण आखूड पायाचा माणूस टाच उचलून चालतो. रांगेत उभं राहिलं की नेहमी एकाच पायाचा गुडघा वाकलेला असतो. तो पाय बहुधा लांब असतो.

हे कशामुळे होतं?

मोठ्या माणसांत सगळ्यात जास्त दिसतं ते मोडलेलं हाड टोकावर टोक चढून किंवा वाकडं जुळल्यामुळे. हाडाचा तुकडाच निघून गेला असेल, हाडात जंतुसंसर्ग होऊन ते झिजलं असेल किंवा गाठीसाठी हाडाचा भाग काढावा लागला असेल, तरीही लांबी जाते. खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय लांबही होऊ शकतो, आखूडही. लहान मुलांत वाढीच्या चकतीला मार किंवा संसर्ग, पर्थेस नावाचा खुब्याचा आजार आणि पोलिओ ही मुख्य कारणं. पोलिओत स्नायू दुबळे राहिल्याने तो पाय वाढीत मागे पडतो. त्या पिढीतले बरेच रुग्ण आज पन्नाशी-साठीत आहेत आणि आता कंबर धरून येतात.

किती फरक असला तर काळजी करायची?

एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक अगदी ठणठणीत माणसांतही सापडतो, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. दोन सेंटिमीटरच्या आत सहसा उपचार लागत नाहीत. दोनच्या पुढे चालण्यात फरक दिसू लागतो. पण आकड्याइतकंच महत्त्व आहे तो किती दिवसांत आला याला. लहानपणापासून दोन सेंटिमीटरचा फरक असलेला माणूस सहज पळतो, आणि खुबा बदलून आठवड्यात एक सेंटिमीटर लांब झालेल्या आजींना खोलीभर चालणं नको होतं. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो.

दोन डॉक्टरांनी टेपने मोजलं आणि दोन वेगळे आकडे आले. चूक कोणाची?

कदाचित कोणाचीच नाही. टेपने दोन लांब्या मोजता येतात. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंतची लांबी खरी मानतात. बेंबीपासून घोट्यापर्यंतची लांबी भासणारी. कोणती मोजली ते लिहिलं नसेल तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

खरी लांबी मोजतानाही हात चुकतो. कमरेचं ते हाड वरून चाचपलं तर बोट सरकतं. अंगठा खालून वर नेत हाडाच्या खालच्या कडेला अडकवावा लागतो. दोन्ही बाजूंची हाडं एका रेषेत आणून कंबर चौकोनी करावी लागते. आणि आखडलेला पाय जसा असेल तशाच स्थितीत चांगला पायही ठेवावा लागतो. आजारी पाय वीस अंश आत ओढलेला असेल तर चांगलाही तितकाच आत घ्यायचा. ही पायरी गाळली की सारख्या लांबीच्या पायांतही फरक निघतो. एवढं सांभाळूनही टेपच्या मापात काही मिलिमीटरची चूक गृहीत धरावी.

टेपची आणखी एक मर्यादा फारशी सांगितली जात नाही. तो घोट्यापाशी थांबतो. उंचीवरून पडून टाचेचं हाड चेपलं असेल तर घोट्याखालची उंची कमी होते. टेप म्हणतो पाय सारखे, माणूस म्हणतो मी लंगडतोय. माणूस बरोबर असतो.

मग भरवशाची तपासणी कोणती?

माझ्या मते पायाखाली ठोकळे ठेवून उभं करणं. पाच आणि दहा मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्यांची चळत जवळ ठेवावी. रुग्ण अनवाणी, दोन्ही गुडघे सरळ. तपासणारा मागे बसतो, कमरेच्या दोन्ही कडांवर तळहात आडवे ठेवतो आणि आखूड पायाखाली एकेक पट्टी वाढवत जातो. हात एका पातळीत आले की थांबायचं आणि पट्ट्या मोजायच्या.

पण खरी गंमत त्यानंतर असते. कंबर समपातळीत आली म्हणून रुग्णाला सरळ वाटेलच असं नाही. एका रुग्णाच्या आखूड पायाखाली २५ मिलिमीटर ठेवल्यावर कंबर सरळ झाली, आणि ते म्हणाले, ‘डॉक्टर, आता मला ढकलल्यासारखं होतंय.’ दहा मिलिमीटर काढले तेव्हा त्यांचे खांदे खाली आले आणि श्वास सुटला. त्यांचा कणाच एका बाजूला कडक झाला होता. अशा वेळी दोन आकडे लिहायचे, एक कंबर समपातळीत आणणारा आणि एक रुग्णाला बरा वाटणारा. उपचार दुसऱ्यावर ठरतो.

ठोकळ्यांत घोट्याखालचा फरक आपोआप धरला जातो. मात्र गुडघा किंवा खुबा आखडलेला असेल तर तोही त्यात मिसळतो, म्हणून सांध्यांची हालचाल आधी तपासून लिहावी.

एक्सरे कोणता काढायचा?

नुसता ‘पायाचा एक्सरे’ असं लिहून दिलं तर उपयोग नाही. कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय एकाच चित्रात, उभ्याने, गुडघ्याच्या वाट्या समोर आणि शेजारी मापाची खूण असावी. किरणं पसरत जात असल्याने चित्रातलं हाड खऱ्यापेक्षा मोठं दिसतं. मापाच्या खुणेशिवाय काढलेले मिलिमीटर फुगलेले असतात. आखूड पायाखाली ठोकळा ठेवून एक्सरे काढावा, म्हणजे रुग्ण गुडघा वाकवून फरक लपवणार नाही, आणि ठोकळ्याची उंची चित्रावरच लिहावी. ती लिहिली नाही तर वर्षभराने पाहणारा म्हणतो, कंबर तर सरळ आहे, फरक कुठे आहे?

गुडघा सरळच होत नसेल तर समोरच्या एक्सरेत हाड तिरकं पडून आखूड दिसतं. तिथे सीटी स्कॅनवर मांडी आणि नडगी वेगवेगळी मोजलेली बरी. काही ठिकाणी कमी किरणांत उभ्याने पूर्ण शरीराचं चित्र घेणारं यंत्र असतं. वाढत्या मुलाचे वारंवार एक्सरे लागणार असतील तर ते उत्तम.

मुलाच्या गुडघ्याजवळ फ्रॅक्चर झालं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘वाढीच्या चकतीवर लक्ष ठेवू.’ म्हणजे काय?

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांना कूर्चेची एक पातळ चकती असते आणि हाड तिथून लांब होतं. ती करपली तर वाढ थांबते. अर्धीच करपली तर हाड वाकडं वाढतं. पायाची बहुतेक वाढ गुडघ्याभोवती होते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची चकती वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर देते आणि नडगीच्या वरच्या टोकाची सुमारे ६. म्हणून गुडघ्याजवळच्या इजेची धास्ती जास्त.

पुढे किती फरक पडेल याचा ढोबळ हिशेब कागदावर करता येतो. मुलींची वाढ हाडांच्या वयानुसार साधारण १४ व्या वर्षी आणि मुलांची १६ व्या वर्षी थांबते असं धरतात. हाडांचं वय म्हणजे वाढदिवसाचं वय नव्हे. डाव्या हाताच्या एक्सरेवरून ते काढतात आणि ते वर्ष-दोन वर्षांनी मागेपुढे असू शकतं. समजा मुलीच्या हाडांचं वय ११ आहे, मांडीची खालची चकती पूर्ण बंद पडलीय आणि आज फरक १० मिलिमीटर आहे. उरलेली तीन वर्षं गुणिले ९ म्हणजे २७. वाढ संपेपर्यंत फरक ३७ मिलिमीटर होईल. आज एकच सेंटिमीटर आहे म्हणून घरचे निश्चिंत असतात आणि डॉक्टर अस्वस्थ, ते यामुळे. १९७७ मध्ये अस्थिरोगतज्ज्ञ मोझली यांनी दिलेला सरळ रेषेचा आलेख आणि २००० साली पेली व सहकाऱ्यांनी मांडलेली गुणकांची पद्धत यापेक्षा नेमक्या आहेत, पण त्यांनाही एकाहून अधिक वेळा केलेली मोजमापं लागतात. म्हणून दर सहा महिन्यांनी बोलावतात. येत राहा.

माझ्या मुलाचं तर उलटंच झालं. मांडी मोडली होती, आता तोच पाय लांब आहे!

हो, होतं असं. दोन ते दहा वर्षांच्या मुलात मांडीच्या हाडाचा मधला भाग मोडला की जुळताना तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि हाड जोमाने वाढतं. साधारण एक सेंटिमीटर, कधी दोन. हे बहुतेक पहिल्या दीड-दोन वर्षांत घडतं. म्हणूनच या वयात प्लास्टर घालताना तुकडे एकमेकांवर सेंटिमीटरभर चढलेले चालवून घेतात. ‘हाड नीट बसवलंच नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना हे आधीच सांगायला हवं होतं.

खुबा बदलल्यापासून तो पाय लांब वाटतो. शस्त्रक्रिया चुकली का?

लगेच निष्कर्ष काढू नका आणि लगेच दुसऱ्या बुटाखाली उंचीही घालू नका. झिजलेल्या खुब्यामुळे पाय वर्षानुवर्षं आखूड झालेला असतो. तो मूळ लांबीला आला तरी लांबच वाटतो. शिवाय खुब्याभोवतीचे आखडलेले स्नायू कंबर त्या बाजूला ओढून धरतात. व्यायामाने हे सैल होतं आणि तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच जणांची ‘लांबी’ विरघळते. त्याआधीच दुसऱ्या पायाखाली उंची दिली तर कंबर त्या तिरक्या स्थितीतच मुरते.

सहा महिन्यांनंतरही ठोकळ्यांवर फरक कायम असेल तर एक्सरेवर नेमका मोजावा. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा चवडा उचलता न येणं असलं तर मात्र थांबू नका. नस ताणली गेली असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

बुटात उंची किती आणि कशी घालायची?

बुटाच्या आत जेमतेम एक सेंटिमीटर मावतो. त्यापुढे टाच बुटातून वर निघते, म्हणून उरलेली उंची बाहेरून सोलला लावतात. नुसती टाच उचलू नये, चवड्याखालीही उंची न्यावी, नाहीतर माणूस दिवसभर उतारावर उभा राहिल्यासारखा राहतो आणि पोटरी आखडते. पाच सेंटिमीटरच्या वर बूट जड होतो आणि घोटा मुरगळायला लागतो.

पूर्ण फरक भरून काढायचा हट्ट नको. पाच मिलिमीटरपासून सुरुवात करून काही आठवड्यांनी वाढवत जावं. सेंटिमीटरभर तसाच सोडला तरी चालतं. पोलिओत चवडा लोंबकळत असेल किंवा गुडघा ताठ ठेवणारा ब्रेस असेल तर तो पाय मुद्दाम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आखूडच ठेवतात. तो पुढे टाकताना जमिनीला अडत नाही. हे माहीत नसलेला एखादा मदत म्हणून उंची पूर्ण करून देतो, आणि रुग्ण अडखळून पडतो.

आणि घरातल्या चपलेचं काय? बाहेरच्या बुटाला उंची आणि घरात दहा तास अनवाणी, असा कारभार असेल तर फायदा निम्माच.

कंबरदुखी यामुळेच आहे का?

असू शकते. थोड्या फरकाचा कंबरदुखीशी संबंध किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. मी वाद घालत बसत नाही, काही आठवडे उंची लावून बघायला सांगतो. दुखणं कमी झालं तर ठेवा, नाही झालं तर काढा आणि दुसरं कारण शोधा.

शस्त्रक्रियेने पाय लांब करता येतो म्हणे. कसा?

हाड कापून, दोन टोकं हळूहळू दूर नेत मधल्या फटीत नवं हाड उगवू द्यायचं. ही पद्धत सोव्हिएत संघातल्या कुर्गानचे डॉक्टर गावरील इलिझारोव यांनी १९५० च्या दशकात उभी केली. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्ण जिंकलेला वालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात सापडला. अनेक शस्त्रक्रिया होऊनही पाय जुळत नव्हता आणि आखूड झाला होता. १९६८ मध्ये इलिझारोव यांनी त्याच्यावर उपचार केले आणि तो पुन्हा उड्या मारू लागला. पश्चिम युरोपला ही विद्या समजली ती त्याहून उशिरा, इटलीचा गिर्यारोहक कार्लो मावरी १९८० मध्ये कुर्गानला जाऊन नडगी बरी करून आला तेव्हा.

कापल्यावर पाच ते सात दिवस काहीच करत नाहीत. मग रोज एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. घाई केली तर फटीत हाड धरत नाही, रेंगाळलं तर फट आधीच मिटते. चार सेंटिमीटर हवे असतील तर ताणण्याचे ४० दिवस, आणि त्यानंतर नवं हाड घट्ट होण्याचा काळ त्याहून मोठा. हाडातून आरपार तारा घालून पायाभोवती बसवलेल्या बाहेरच्या रिंगा दर सेंटिमीटरमागे महिना-दीड महिना पायावर असतात. आता हाडाच्या पोकळीत बसणारी आणि बाहेरून चुंबकाने लांबवता येणारी सळईही मिळते, त्यामुळे तारांच्या जखमांचा त्रास वाचतो. पण गुडघा आखडणं, टाच वर ओढली जाणं, नस ताणली जाणं हे धोके तिथेही आहेतच. हाड वाढवणं हा निम्मा उपचार, रोजचा व्यायाम उरलेला निम्मा. व्यायाम जमणार नसेल तर मी ही शस्त्रक्रिया सुचवत नाही. तंबाखू सोडणार नसाल तरीही नाही.

त्यापेक्षा लांब पायच थोडा कमी केला तर?

दोन ते पाच सेंटिमीटरच्या फरकात हा विचार रास्त आहे. वाढत्या मुलात लांब पायाची गुडघ्याजवळची चकती योग्य वेळी थांबवतात. छोटी शस्त्रक्रिया, काही दिवसांत शाळा, आणि आखूड पाय हळूहळू बरोबरीला येतो. सगळं अवलंबून असतं ते वेळ साधण्यावर. वाढ संपलेल्या माणसात मांडीच्या हाडाचा तुकडा काढून सळई घालता येते. ‘चांगल्या पायाला का हात लावायचा?’ असं नातेवाईक विचारतात. भावना समजते, पण चांगल्या पायाचं हाड चांगलं जुळतं, हेच तर कारण.

रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहिलेलं असावं?

इथे माझी एक चूक सांगतो. नवा असताना एका मुलाच्या कागदावर मी ‘डावा पाय २ सेंमी आखूड’ एवढंच लिहिलं. सहा महिन्यांनी मोजलं तर ३ आले. झपाट्याने वाढणारा फरक समजून मी शस्त्रक्रियेची भाषा सुरू केली. मग त्याची आई म्हणाली, ‘मागच्या वेळी झोपवून मोजलं होतं, आज उभं केलंत.’ त्या कागदावर तेवढं एक वाक्य असतं तर त्यांची ती रात्र शांत गेली असती.

तेव्हापासून माझी नोंद अशी असते: ‘उजवा पाय डाव्यापेक्षा २५ मिमी आखूड, उभ्याने ठोकळ्यांवर, अनवाणी, कंबर समपातळीत. रुग्णाला २० मिमीवर बरं वाटतं. झोपून टेपने, कमरेचं हाड ते आतला घोटा, २२ मिमी. एक्सरेवर मांडी १९, नडगी ३, मापाची खूण लावलेली, पायाखाली २० मिमी ठोकळा. दोन्ही गुडघे पूर्ण सरळ, खुबे मोकळे, कणा लवचीक. कारण: मांडीचं फ्रॅक्चर आखूड जुळलेलं. सध्या बुटात १० मिमी.’ शेवटचं वाक्य हमखास विसरलं जातं, आणि पुढच्या वेळी बूट घालून मोजणारा कोणी भेटतोच. खुबा बदलण्याआधीची नोंद तर हवीच. नंतर ‘आधी पाय सारखे होते’ आणि ‘आधीच फरक होता’ हा वाद त्या एका ओळीवर मिटतो.

विम्याच्या कागदावर ‘एम २१.७’ लिहिलंय. हे काय?

आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत नंतर आलेल्या असमान लांबीच्या पायाहातांसाठी हा कोड आहे. जन्मजात कमतरतेचा पायांचा गट वेगळा, क्यू ७२. नुसता भासणारा आखूडपणा असेल तर एम २१.७ लावू नये. तिथे सांधा आखडल्याचा एम २४.५ किंवा कण्याच्या बाकाचा एम ४१, जे खरं कारण असेल ते.

अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या विस्तारित आवृत्तीत हाड आणि बाजूही सांगावी लागते, आणि तिथे स्पष्ट सूचना आहे की जागा आखूड पायाची लिहायची. यात पुष्कळ जण फसतात. डावा खुबा बदलून डावा पाय लांब झाला, तर मनात सतत डावाच असतो. पण आखूड ठरतो उजवा, म्हणून कोडमध्ये उजवा येतो. मजकुरात मात्र डाव्या शस्त्रक्रियेचा उल्लेख नीट हवा, नाहीतर दोन कागद एकमेकांशी भांडतात आणि दावा परत येतो.

तपासणीला येताना काय आणू?

रोजचे बूट आणि चपला, जेवढ्या झिजलेल्या तेवढ्या चांगल्या. जुने एक्सरे, नुसते रिपोर्ट नव्हेत, कारण मला हाड बघायचं असतं. शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचा तपशील असलेला कागद. आणि हाफ पॅन्ट घालून या. पॅन्ट गुंडाळून गुडघ्यापर्यंत वर घेतली तर गुडघा दिसतो, कंबर दिसत नाही.